पाच फूट आठ इंच

आमच्या ऑफिसात बांधकाम परवानगीच्या टेबलासमोर एक लाकडी बाक होता. त्यावर येऊन बसलेल्या माणसाकडे नुसतं बघून मला कळत असे, की याचं घर बांधायचं आहे की बांधून झालं आहे. ज्याचं बांधायचं आहे, तो नकाशाची गुंडाळी मांडीवर घट्ट धरून बसतो आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतो. ज्याचं बांधून झालं आहे, तो पंख्याखालची जागा धरतो, शिपायाला नावानं हाक मारतो आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसतो. मग म्हणतो, "मॅडम, एक लहानशी खोली काढाची होती." मी विचारायची, "स्लॅब कधी टाकला?" तो म्हणायचा, "मांगच्या सोमवारी." दुसऱ्या प्रकारचे लोकच जास्त यायचे.

वर्धा जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत मी अनुरेखक म्हणून लागले आणि रचना सहायक म्हणून निवृत्त झाले. गावाचं नाव सांगत नाही, कारण हा लेख एका मोठ्या चुकीबद्दल आहे आणि ती चूक माझी आहे. ऑफिसला उगाच कशाला बोल लावा! अनुरेखक म्हणजे वरच्या साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर काळ्या शाईनं उतरवून काढणारा माणूस. त्या कापडावरून मग निळ्या प्रती निघत आणि त्या गावभर फिरत. हल्ली कॉम्प्युटरवर सगळं होतं, पण माझं अक्षर अजूनही कोणी विसरलेलं नाही. माझे वडील तळेगावचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या श्यामजी पंतांच्या तळेगावचे, गवंडी होते. ओळंबा, गुण्या आणि सूत एवढ्या तीन वस्तूंवर त्यांनी आम्हा चार भावंडांना शिकवलं. मुलगी नकाशे काढते याचा त्यांना फार अभिमान होता. नकाशा हातात धरला की ते तो आधी उलटा धरत आणि मग "छान आहे" म्हणत.

लोक नेहमी विचारत, "आपल्याच प्लॉटमधी खोली काढाले तुमची परवानगी काऊन लागते?" प्रश्न रास्त आहे. नियमातली भाषा सांगून कोणाचं समाधान होत नाही, म्हणून मी त्यांना उलटा प्रश्न विचारायची, "तुम्ही हद्दीला चिकटून भिंत बांधाल. तिला बाहेरून गिलावा करायला मिस्त्री कुठे उभा राहील?" माणूस विचारात पडायचा, कारण मिस्त्री शेजाऱ्याच्या अंगणात उभा राहणार आणि खोलीवरून शेजाऱ्याशी आधीच भांडण झालेलं असणार. आमच्या गावात रस्त्याकडून गुलाबी रंग आणि बाजूनं उघड्या विटा अशी किती घरं आहेत बघा. लोकांना वाटतं पैसे संपले असतील. पैसे संपलेले नसतात, शेजाऱ्याशी बोलणं संपलेलं असतं. घराच्या चारी बाजूंनी जी मोकळी जागा सोडायला आम्ही सांगतो, तिला कागदावर सामासिक अंतर म्हणतात. ती उजेडासाठी असते, वाऱ्यासाठी असते, आगीचा बंब यायला असते आणि मिस्त्रीला उभं राहायलाही असते.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जुनं घर खाली मुरुमावर बसलेलं असतं आणि नवी खोली दोन फुटांच्या पायावर, नुसत्या काळ्या मातीवर. गोपालभाऊ नावाचे एक कापड दुकानदार होते. त्यांनी मला न विचारता खोली काढली, नव्या भिंतीचे दात जुन्या भिंतीत खोचले आणि गृहप्रवेशाला पेढे घेऊन आले. पुढच्या मे महिन्यात पुन्हा आले, या वेळी पेढे नव्हते. मी बघायला गेले, तर नवी खोली घर सोडून निघाली होती. दोन भिंतींच्या मधली भेग इतकी रुंद, की त्यांच्या सौभाग्यवती तिच्यात कंगवा ठेवत होत्या. "मॅडम, इले बुजवू कशी?" असं गोपालभाऊंनी विचारलं. मी म्हटलं, बुजवू नका, पुढच्या पावसात आपोआप बुजेल आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडेल. खोली वाढवायची असेल तर आधी मुरूम लागेपर्यंत खणा, आणि नवी भिंत जुनीत खोचू नका. मधे सांधा सोडा, तो लवचीक मसाल्यानं भरा, वरून पट्टी लावा. दोघांना आपापल्या जागी हलू द्या. एवढं ऐकणाऱ्यांची घरं आजही धड आहेत, आणि त्यांच्यापैकी एकही मला पेढे द्यायला आलेला नाही.

छतावरच्या सळाखींबद्दलही एक सांगून टाकते. पुढे कधी मजला चढवू म्हणून लोक कॉलमच्या सळाखी वर उघड्या सोडतात. मुलगा पहिलीत असताना सोडलेल्या सळाखी त्याच्या लग्नात मांडव बांधायला कामी येतात. तोवर त्यांना पापुद्रे सुटलेले असतात आणि त्यांच्यावर मजला चढवणं म्हणजे जीवाशी खेळ. सोडायच्याच असतील तर त्यांना सिमेंटचं पाणी मारा आणि वरून पुढे सहज फोडता येईल अशा कच्च्या काँक्रीटनं झाकून टाका.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते.

माझ्या निवृत्तीला जेमतेम दीड वर्ष उरलं असताना मारोतराव ठूल त्या बाकावर येऊन बसले. आयुष्यभर ट्रकच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. पांढरा शर्ट, नखांत न निघणारं काळं ग्रीस, आणि मांडीवर नकाशाची गुंडाळी. घड्याळही बघत होते. मी मनात म्हटलं, चला, एक तरी बांधायच्या आधी आला.

"जयभीम, मॅडम," ते म्हणाले. "एक खोली काढाची हाये, अन् तिच्यातच संडास-बाथरूम. आमच्या घरच्या बाईले लकवा मारला. उजवी बाजू गेली. संडास मांगच्या अंगणात हाये, चार पायऱ्या उतरून. मी उचलून नेतो. पन मले बी आता पासष्टी आली."

नकाशा त्यांनी स्वतः काढला होता, नातवाच्या आलेखाच्या वहीवर. मोजमापं चोख होती. घर एका लेआउटमधल्या बारा प्लॉटांच्या ओळीत अगदी शेवटी, बारा नंबरचं. त्याच्या पलीकडे सगळ्या लेआउटची मिळून राखलेली मोकळी जागा, जिला आमच्याकडे ओपन स्पेस म्हणतात. जुन्या घराच्या आणि त्या बाजूच्या कुंपणाच्या मधे बारा फूट जागा होती. आठ फुटांची खोली काढून चार फूट मोकळे राहत होते. त्या चार फुटांत त्यांनी व्हीलचेअरसाठी उतार दाखवला होता. तो मात्र घसरगुंडीच होता.

"मारोतराव, हा सहा फुटांचा उतार चालणार नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबी धरा. तुमचं जोतं दोन फूट उंच आहे, म्हणजे चोवीस फूट."

"चोवीस फूट! मी काय ट्रक चढवून राह्यलो काय?"

"ट्रक तर सहा फुटांतही चढेल. बाई नाही चढणार."

ते हसले आणि वहीवर खोडून नवी रेघ मारली. मग मी कठड्याचं विचारलं. त्यांनी एका बाजूला पाइप दाखवला होता.

"त्यांचा कोणता हात चालतो?"

"डावा."

"उतरताना कठडा डाव्या हाताला येईल. आणि चढताना?"

मारोतरावांनी बाकावरच अर्धं वळून बघितलं, डावा हात हवेत धरला, पुन्हा वळले. "अरे हो नं बावा," ते म्हणाले. "दोन्हीकून पायजे."

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, ती ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्या सगळ्यांनी लिहून ठेवावी. बाथरूमचं दार बाहेर उघडू द्या. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि कोणाला आत शिरता येत नाही. मारोतरावांनी तेही वहीत लिहून घेतलं, आणि शेजारी दाराचं चित्र काढलं.

परवानगी दिली. शिफारशीवर सही माझी. मारोतरावांनी खोली स्वतः बांधली. पायाला मुरूम लागला तेव्हा मुठीत घेऊन ऑफिसात दाखवायला आले. उतार झाल्यावर सिमेंटची गोणी व्हीलचेअरवर बसवून वर-खाली नेऊन बघितली, आणि मगच बायकोला बसवलं. काम पूर्ण झाल्यावर तपासणीला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी कौसल्याबाईंनी मला आत बोलावलं. बोलणं थोडं जड झालेलं, पण डोळे हसरे होते. मारोतरावांकडे बोट करून म्हणाल्या, "मॅडम, सव्वा वर्सानं मी एकटी बाथरूमले गेली. यायले बाहेर उभं नाई ठेवलं." मी घरी येईपर्यंत तेच आठवत होते.

मग नोटीस आली.

झालं असं, की लेआउटच्या रहिवाशांना ओपन स्पेसमध्ये बाग करायची होती. हेतू चांगला. समितीचे अध्यक्ष राठीभाऊ, एक नंबरच्या प्लॉटचे मालक, हार्डवेअरच्या दुकानाचे धनी. मारोतरावांच्या खोलीचं सिमेंटही त्यांच्याच दुकानातून गेलेलं. बागेला कुंपण घालण्याआधी त्यांनी मशिनवाला बोलावून मोजणी करवली, आणि मशिननं सांगितलं, की बारा नंबरवाल्यानं ओपन स्पेसमध्ये पाच फूट आठ इंच अतिक्रमण केलं आहे. अकरा घरांच्या सह्यांनी तक्रार आली. आमचे नवे अभियंता हुशार होते, कामाला पक्के. त्यांनी फाईल काढली. फाईल फक्त एकाच घराची निघाली, कारण त्या ओळीत वाढीव बांधकामाची परवानगी घेणारा माणूसच एक होता. बाकी अकरा जणांनी खोल्या, जिने, गाड्यांचे शेड, सगळं आपल्या मनानं काढलेलं. पंधरा दिवसांत बांधकाम स्वतः काढून घ्या, नाहीतर आम्ही काढू, अशी नोटीस मारोतरावांच्या घरी गेली. पाच फूट आठ इंच म्हणजे अख्खा उतार, आणि खोलीची बाहेरची भिंत वीस इंच आत. भिंत गेली की खोली गेली.

मारोतराव बाकावर येऊन बसले. या वेळी घड्याळ बघत नव्हते.

"मॅडम, तुमच्याच सहीनं बांधलं, अन् आता तुमच्याच हापिसची नोटीस. मले भांडन नाई कराचं. सरकारी जागा असन तं मी सोताच तोडतो. बांधलं बी मीच हाये. पन मी मोजून बांधलं होतं. माह्या प्लॉट तीस फुटाचा हाये, मी तीसच घेतले. मंग मी चुकलो कुठी, एवढं सांगा मले."

मी त्या दिवशी त्यांच्या घरी गेले. कौसल्याबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी नोटीस वाचलेली होती. फक्त एवढंच म्हणाल्या, "मले पुन्हा त्या चार पायऱ्या नोको."

रविवारी मी आणि मारोतरावांनी टेप घेतली आणि एक नंबरपासून मोजायला लागलो. मला खात्री होती, की मधल्या कोणीतरी फूट-दोन फूट जागा चोरली असेल आणि ओळ पुढे ढकलली गेली असेल. पहिला प्लॉट तीस फूट. दुसरा तीस फूट. तिसरा तीस. चोर काही सापडेना. अकराव्यापर्यंत एकानंही एक इंच जास्त घेतलेला नव्हता. बारावाही तीस. एकूण तीनशे साठ. इतकी प्रामाणिक ओळ मी आयुष्यात बघितली नव्हती, आणि तरी शेवटचा माणूस पाच फूट आठ इंच ओपन स्पेसमध्ये.

सोमवारी मी रेकॉर्डमधून लेआउटचा मूळ नकाशा काढायला लावला. कापडावरचा, पिवळा पडलेला. उलगडला आणि अक्षर बघूनच ओळखलं. माझं होतं. नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षातलं. प्रत्येक प्लॉटच्या रुंदीवर मी नेटकं लिहिलं होतं, ९.०० मी. आणि त्याच्या खाली, तितक्याच नेटक्या अक्षरात, ३० फूट.

मला सगळं आठवलं. प्लॉट विकणारा गृहस्थ आला होता. म्हणाला होता, "ताई, लोकायले मीटर समजत नाई, खाली फूट बी लिहून द्या नं." मी तेवीस वर्षांची, अक्षराचं कौतुक झालं की हवेत असणारी. लिहून दिलं. नऊ मीटर म्हणजे साधारण तीस फूट, असं सगळेच म्हणतात. पण नऊ मीटर म्हणजे तीस फूट नव्हे. त्यात साडेपाच इंचांहून थोडी जास्त तूट पडते. एका प्लॉटला साडेपाच इंच कोणाच्या लक्षातही येत नाही. पण या ओळीत प्रत्येकानं आपले तीस फूट शेजाऱ्याच्या कुंपणापासून मोजले. पहिल्याचे साडेपाच इंच दुसऱ्याच्या डोक्यावर, दोघांचे मिळून तिसऱ्याच्या, असं करत बाराव्याच्या डोक्यावर पाच फूट आठ इंच.

वडील सूत धरायला शिकवत तेव्हा दर वेळी एकच सांगायचे, "एकाच खुटीपासून मोज, मांगच्या मापाले माप जोडू नोको." मी ते ऐकलं होतं, पण त्या नकाशावर प्रत्येक प्लॉटचं सुटंच माप लिहिलं होतं, एका खुंटीपासूनचं एकही नाही. मला इतकी लाज वाटली, की मी कापड पटकन गुंडाळून टाकलं. चार महिन्यांनी निवृत्ती. तो नकाशा ज्यांनी तपासला, मंजूर केला, त्यांच्यापैकी कोणी नोकरीत नव्हतं. मी कापड परत रेकॉर्डमध्ये ठेवलं असतं तर कोणीच काही म्हणालं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, हे लपवत नाही. तो एक पूर्ण दिवस मनात होता. दुसऱ्या दिवशी कौसल्याबाईंच्या चार पायऱ्या आठवल्या आणि मी मुख्याधिकारी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सुनावणी ऑफिसात घेऊ नका, लेआउटमध्ये घ्या, आणि मला सोबत पोतंभर चुन्याची फक्की द्या.

साहेबांनी विचारलं, "फक्की कशाला?"

"रांगोळी काढायची आहे, साहेब."

सुनावणीला सगळी ओळ हजर होती. राठीभाऊंनी खुर्च्या मांडल्या होत्या, पाण्याची सोय केली होती, बागेचा रंगीत नकाशाही आणला होता. ते म्हणाले, "साहेब, ठूलभाऊंबद्दल काही मनात नाही. लेकिन कायदा म्हणजे कायदा. मशिन खोटं बोलत नाही."

"मशिन बरोबर आहे," मी म्हटलं. "आपण त्याच मापानं चालू. राठीभाऊ, तुमच्या कोपऱ्यापासून."

रस्त्याच्या कडेला सर्व्हेचा दगड होता. त्यावर मी टेपचं टोक धरलं. पहिले नऊ मीटर संपले ते राठीभाऊंच्या कुंपणाच्या आत, साडेपाच इंचांवर, त्यांच्या नव्या गुलाबाच्या वाफ्यात. तिथे मी खुंटी ठोकली आणि फक्कीची रेघ मारली.

"ये क्या है?" राठीभाऊ म्हणाले.

"ही तुमची हद्द. कुंपण इथे पाहिजे होतं."

लोक हसले. राठीभाऊही हसले. पण मी थांबले नाही. प्रत्येक वेळी त्याच दगडापासून माप, अठरा मीटर, सत्तावीस, छत्तीस. खुंट्या आत आत सरकायला लागल्या. पाचव्या प्लॉटची रेघ कुंपणापासून सव्वादोन फुटांहून आत, बोअरिंगच्या खड्ड्यावरून गेली. सहाव्याला लोकांचं हसणं कमी झालं. आठव्याची खुंटी थेट न्हाणीघराच्या भिंतीशी आली, तिथे ठोकता येईना म्हणून मी भिंतीवर फक्कीनं फुली काढली. दहाव्याची रेघ स्वयंपाकघराच्या ओट्यावरून जाणार होती. घरच्या काकू कणिक मळता मळता बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अवं बाई, माह्या गॅस कोनाच्या जागेत हाये?" अकराव्याची फुली निघाली जिन्यावर, कुंपणापासून पाच फूट दोन इंच आत. त्या जिन्याचे मालक तक्रारीवर पहिली सही करणारे होते.

"म्हणजे आमचा जिना?" ते म्हणाले.

"तुमचा जिना मारोतरावांच्या प्लॉटमध्ये आहे," मी म्हटलं. "मारोतरावांनी ओपन स्पेसचे पाच फूट आठ इंच सोडायचे असतील, तर त्यांना तुमच्याकडून पाच फूट दोन इंच घ्यायचे आहेत. तुम्हाला दहा नंबरकडून घ्यायचे आहेत. दहाला नऊकडून. करत करत राठीभाऊंचा गुलाबाचा वाफा निघेल. कायदा म्हणजे कायदा."

आमचे नवे अभियंता कॅल्क्युलेटर घेऊन खाली बसले होते आणि पुन्हा पुन्हा नऊ मीटरचे फूट करून बघत होते.

मग मी खरं सांगितलं. कापडी नकाशा राठीभाऊंच्या टेबलावर पसरला. "हे मीटर सरकारचे आहेत," मी म्हटलं, "आणि खालचे फूट माझे आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लिहिले. तुमच्यापैकी कोणी एक इंचही चोरलेला नाही. मारोतरावांनी तर नाहीच. चूक माझ्या हातची आहे, आणि तसं मी साहेबांना लेखी दिलं आहे."

कोणी रागावेल असं मला वाटलं होतं. अकरा नंबरवाले जिन्याकडे बघत होते, त्यांना रागवायला सवड नव्हती. राठीभाऊंनी ते ३० फूट बोटानं दोनदा चाचपून बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, अक्षर बहोत सुंदर आहे." आणि सगळी ओळ हसली, मीसुद्धा, आणि मला रडूही आलं.

उपाय मी आधीच काढून ठेवला होता. लेआउटमध्ये ओपन स्पेस दहा टक्के लागते. आमच्या या लेआउटमध्ये ती जास्त होती, कारण कोपऱ्यातला एक तिरपा तुकडा विकण्याजोगा नव्हता म्हणून त्यात टाकलेला होता. पाच फूट आठ इंचांची पट्टी ओळीला दिली तरी दहा टक्क्यांच्या वरच राहत होती. बारा मालकांनी मिळून अर्ज करायचा, प्रत्येक प्लॉट खरोखरच्या तीस फुटांचा दाखवायचा, सुधारित लेआउट मंजूर करून घ्यायचा. एकाची जरी सही कमी पडली तर सगळ्यांच्या भिंती लटकलेल्या. साहेबांनी नोटीस जागच्या जागी स्थगित केली.

सुधारित लेआउट मंजूर झाला, हे सांगून टाकते. त्याचा नकाशा कॉम्प्युटरवर निघाला, तरी ओळीची मापं मी हट्टानं स्वतः भरली. ९.१४४ मी. खाली फूट लिहिले नाहीत. नोकरीतलं ते माझं शेवटचं काम. बागही झाली. राठीभाऊंनी तिच्या कुंपणाआधी दोन वेळा मोजणी करवली, तीही एकाच दगडापासून. अकराही घरं वाढीव बांधकामं नियमात बसवून घ्यायला ऑफिसात आली, नकाशाच्या गुंडाळ्या मांडीवर घेऊन. बाकावर जागा पुरेना.

पण माझ्या मनात राहिलाय तो सह्यांचा दिवस. राठीभाऊ आणि मी अर्ज घेऊन घरोघर फिरलो. अकरा सह्या सकाळीच झाल्या. बाराव्या घरी आलो, तेव्हा राठीभाऊंना कळलं की प्लॉट मारोतरावांच्या नावावर नाहीच. कौसल्याबाईंच्या नावावर आहे, आणि खोलीच्या परवानगीच्या अर्जावरही त्यांचा अंगठाच होता. त्यांच्या उजव्या हातात पेन धरण्याची ताकद नव्हती.

"अंगठा घेऊन येतो," मारोतराव म्हणाले आणि शाईचा पॅड शोधायला लागले.

आतून आवाज आला. जड, पण खणखणीत. "अंगठा काऊन? मी सही करते. तुम्ही तिथीच थांबा, मी येते."

मारोतराव आत जायला निघाले. मी त्यांचा शर्ट धरला.

बाथरूमचं दार बाहेर उघडल्याचा आवाज आला. मग खोलीचं दार. कौसल्याबाई उताराच्या वरच्या टोकाला उभ्या राहिल्या. खुर्ची नव्हती. सकाळ-संध्याकाळ त्या उतारावर चालायचा सराव करत होत्या, हे मारोतरावांनी मला सांगितलं होतं. एकट्यानं बाहेर मात्र अजून कधीच आल्या नव्हत्या. डाव्या हातानं कठडा धरून, उजवा पाय थोडा ओढत, त्या चोवीस फूट चालत आल्या. आम्ही तिघंही हललो नाही. राठीभाऊंनी डोक्यावरची टोपी हातात घेतली होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

खाली, त्या पाच फूट आठ इंचांच्या पट्टीत, त्या उभ्या राहिल्या. मी अर्ज कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. त्यांनी कठड्याला कंबर टेकली, डाव्या हातात पेन घेतलं आणि वेळ लावून, एकेक अक्षर जोडत, पूर्ण नाव लिहिलं. लहान मुलाच्या वहीतल्यासारखं वाकडं, पण एकही अक्षर गाळलं नाही.

"वाचाले येते काय?" त्यांनी विचारलं.

"येतं," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा बरोबर आहे."

मारोतराव पुढे झाले, हात द्यायला. कौसल्याबाईंनी मान हलवून त्यांना बाजूला सारलं, सावकाश वळल्या, आणि वर चढायला लागल्या. चढताना त्यांचा डावा हात दुसऱ्या कठड्यावर होता.